नवीन आणलेलं मांजराचं पिल्लू लपून बसलंय आणि खात नाहीये? या क्रमाने तपासा

फोन बहुतेक वेळा रात्री नऊनंतरच येतो. "ताई, सकाळी पिल्लू आणलं, ते फ्रिजमागे गेलंय ते बाहेरच येत नाहीये, दुधाला तोंड पण लावलं नाही, काय करू?" मी डोंबिवलीला राहते, गेली नऊ वर्षं रस्त्यावरची, पार्किंगमधली पिल्लं घरी ठेवून मोठी करते आणि चांगलं घर मिळालं की देते. त्यामुळे दिलेल्या पिल्लांचे फोन येतातच, आणि ओळखीतल्या ओळखीत दुसऱ्यांनी आणलेल्या पिल्लांचे पण येतात. हा एकच प्रॉब्लेम इतक्या घरात जाऊन सोडवलाय की आता फोनवर कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे ते पाठ झालंय, तेच सगळं इथे लिहून ठेवतेय.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते. लपणं हा आजार नाही. नवीन जागेत पिल्लू लपतं ते बरोबरच करतं, आई सोबत नसताना जिवंत राहायचं तर तेच करायला हवं. काळजी करायची ती न खाण्याची. लपलेलं पण रात्री सगळे झोपल्यावर गुपचूप येऊन वाटी रिकामी करणारं पिल्लू एकदम ठीक आहे, त्याला आठवडाभर लपू दे. आणि मांडीवर येऊन बसणारं, गोड गोड दिसणारं, पण सकाळपासून काही न खाल्लेलं पिल्लू ठीक नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे शेवटचं खाल्लं कधी ती वेळ कागदावर लिहा. अंदाजाने नको, नक्की वेळ लिहा.

तुमच्याकडे यातलं काय काय दिसतंय

- फ्रिजमागे, किचन ट्रॉलीच्या खाली, बॉक्स बेडमध्ये किंवा सोफ्याच्या तळाचं कापड फाडून आत जाऊन बसलंय
- हात पुढे केला की फिस्कारतं, कान मागे, अंग फुगवलेलं
- वाटीकडे बघत पण नाही, किंवा हुंगून मागे फिरतं
- दिवसा गप्प आणि रात्री एकसारखं ओरडतंय
- डब्यात शी-शू नाही, कुठेतरी कोपऱ्यात केलीय किंवा केलीच नाहीये
- नुसतं एका जागी गोळा होऊन बसलंय, आवाज झाला तरी कान हलत नाहीत

पहिली पाच भीतीची लक्षणं आहेत, त्यातली बरीचशी खालच्या तीन-चार गोष्टींनीच सुटतात. सहावं भीतीचं नाही. घाबरलेलं पिल्लू सावध असतं, कान फिरत असतात, डोळे मोठे असतात, तुमच्याकडे बघत असतं. जे बघायचं पण थांबलंय ते आजारी आहे, त्याच्यासाठी मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागात जा.

वय बघा, याला पैसे पण लागत नाहीत आणि वेळ पण

निम्म्या घरांमध्ये प्रॉब्लेम इथेच असतो. देणारा सांगतो दोन महिन्यांचं आहे आणि हातात असतं साडेतीन आठवड्यांचं. ते खात नाही कारण त्याला अजून खाता येतच नाही, ते आईचं दूध पिणारं बाळ आहे.

कसं ओळखायचं? डोळे बंद असतील तर बहुतेक दहा-बारा दिवसांच्या आतलं. हिरडीवरून हळूच बोट फिरवा, पुढचे बारीक बारीक दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागतात, सुळे चौथ्याच्या आसपास, आणि दाढा लागायला पाच-सहा आठवडे होतात. दाढा लागत नसतील तर त्याला ड्राय फूड चावता येणारच नाही, तुम्ही कितीही महागाचं आणलं तरी. चालताना डुगडुगतंय, शेपूट काडीसारखी ताठ वर आहे, डोळे निळे आहेत, म्हणजे लहानच आहे.

चार आठवड्यांच्या आतलं निघालं तर पहिला प्रश्न, त्याची आई कुठे आहे? पार्किंगमधून आज दुपारीच उचललं असेल तर बहुतेक वेळा आई खायला शोधायला गेलेली असते, ती परत येते. पिल्लू ऊबदार असेल, पोट भरलेलं असेल तर जिथून उचललं तिथेच आडोशाला ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकते असं सगळे सांगतात, ते खरं नाही, मी कितीतरी वेळा परत ठेवलीयत आणि आया उचलून घेऊन गेल्यायत. आई खरंच नसेल तर मग मांजराच्या पिल्लांची दूध पावडर लागेल, ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लू पोटावर ठेवून पाजायची. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो, त्यात गेलेली पिल्लं मी बघितलीयत. आणि प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून हळू पुसायचं, कारण एवढ्या लहान पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हाच होते.

अंगाला हात लावा

कान आणि पंजे गार लागतायत का? तोंडात करंगळी घातली तर आतून पण गार? मग खायला अजिबात देऊ नका. हे लोकांना उलटं वाटतं, भुकेलं आहे आणि देऊ नका काय म्हणता, पण अंग गार पडलं की आतडी काम करणं थांबवतात, दूध तसंच पोटात राहतं, सडतं, पोट फुगतं. आधी ऊब, मग अन्न.

ऊब द्यायची सोपी पद्धत म्हणजे कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, त्यात गरम पाणी, उकळतं नाही, झाकण घट्ट, बाहेरून जुना मोजा चढवायचा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची. एकाच बाजूला यासाठी की जास्त गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. पंखा बंद. जुनी सुती साडी नाहीतर गोधडीचा तुकडा चालतो. टर्किशचा टॉवेल नको, नखं अडकतात. हळूहळू तास-दोन तासांत अंग कोमट व्हायला हवं, झालं की मग खायला बघायचं. पावसाळ्यात तर हे पहिलंच तपासते मी, गाडीच्या बॉनेटखालून काढलेली भिजलेली पिल्लं जून-जुलैत खूप येतात.

तासाभरात अंग थोडंसुद्धा गरम व्हायला लागलं नसेल, मान धरवत नसेल, तर वाट बघायची नाही. साखरेच्या पाण्याचा एक थेंब बोटाने हिरडीला चोळा, छातीशी धरा आणि डॉक्टरांकडे निघा.

जागा लहान करा

वय ठीक आहे, अंग गरम आहे, तरी लपलंय. आता घर बघायचं. दोन बीएचके आपल्याला लहान वाटतो, पण पाऊण किलोच्या जिवाला ते मैदान आहे. कालपर्यंत आई आणि तीन भावंडं एका खोक्यात होती आणि आज एकदम सगळीकडे नुसतं मोकळं, वर पंखा फिरतोय, मिक्सर चाललाय, शेजारची मुलं बघायला आलीयत. लोक म्हणतात आम्ही त्याला सगळं घर मोकळं दिलंय. तेच चुकतंय.

एक खोली ठरवा. बेडरूम, नाहीतर कोरडी मोठी बाथरूमसुद्धा चालेल. खोलीत लपायच्या ज्या धोक्याच्या जागा आहेत त्या उशांनी, पुठ्ठ्याने बंद करा आणि त्याऐवजी आपण एक लपायची जागा द्या, पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यावर चादर टाकली की झालं. लपू द्यायचंय, पण आपल्या हाताला लागेल अशा जागी. एका कोपऱ्यात खोका, जवळ खाणं-पाणी, आणि समोरच्या कोपऱ्यात शी-शूचा डबा. खिडकीच्या ग्रिलमधून पिल्लू आरामात बाहेर जातं, त्यामुळे जाळी नसेल तर खिडकी बंद. वॉशिंग मशीन लावायच्या आधी ड्रममध्ये हात घालून बघायचं, प्रत्येक वेळी, घरातल्या प्रत्येकाने.

आणि फ्रिजमागे बघा उंदरासाठी गोंदाचा पॅड किंवा औषध ठेवलंय का. आपल्याकडे हे बऱ्याच घरात असतं आणि ठेवून विसरलेलं असतं. पिल्लू पॅडला चिकटलं तर ओढू नका, कातडी निघते, खाण्याचं तेल लावून बोटांनी हळूहळू सोडवा. औषध कुरतडल्याचा संशय जरी आला तरी लगेच डॉक्टर, लक्षणांची वाट बघायची नाही, काही औषधांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

घराला कसला वास येतोय

हे कुणीच तपासत नाही म्हणून वेगळं लिहिते. मागच्या वर्षी एका घरी गेले, तिसरा मजला, नवरा-बायको, आजी आणि नववीतली मुलगी. पिल्लू फ्रिजमागे, अठरा तास काही खाल्लेलं नाही, मुलगी रडून रडून झोपलेली. दार उघडल्याबरोबर फिनाइलचा वास आला. आजींनी पिल्लू येणार म्हणून स्वच्छता म्हणून सकाळ-संध्याकाळ फरशी पुसलेली, मनापासून केलेलं होतं सगळं. पण मांजराचं लिव्हर फिनाइलमधल्या फिनॉलसारख्या गोष्टी नीट बाहेर टाकू शकत नाही. पुसलेल्या फरशीवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, एवढ्याने तोंडाला चटका बसू शकतो, लाळ गळते, खाणं बंद होतं. डेटॉलचं पण तेच आहे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचं तेच, सुगंधी तेलाच्या डिफ्युजरचं तेच.

आम्ही फरशी साध्या पाण्याने तीनदा पुसली, पिल्लाच्या खोलीत भांडी घासायच्या लिक्विडचं थोडं पाणी फिरवून परत साधं पाणी. मोठा दिवा बंद केला, फक्त ओट्याच्या खालचा लावला. मग मी फ्रिजला पाठ लावून खाली बसले, पिल्लाकडे न बघता. चिकन उकडलेलं कोमट पाणी स्टीलच्या डब्याच्या झाकणात ओतलं आणि हाताच्या अंतरावर ठेवलं. वीस मिनिटं काही नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद झाला, एकदम शांत झालं, आणि मागे जाळ्यात अडकलेली एक मिशी हलली. मग नाक. मग झाकणावर जिभेचा तो लप लप आवाज. आजी दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर धरला होता. पिल्लू प्यायलं, माझ्या चपलेचा वास घेतला आणि परत मागे गेलं, आणि मी म्हटलं जाऊ दे, आता काळजी नाही.

खाणं: काय, किती गरम, आणि कशात

दूध-पोळी, दूध-भात आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय, प्रेमानेच देतात, पण गाईच्या-म्हशीच्या दुधातली साखर बहुतेक मांजरांना पचत नाही. जुलाब होतात, आणि अर्ध्या किलोच्या पिल्लाला जुलाब म्हणजे एका दिवसात पाणी कमी. शिवाय मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते न मिळाल्याने मांजरांचे डोळे आणि हृदय बिघडतात. पोळी खाऊन मांजर जगताना दिसतं ते उंदीर-पाली मारून खातं म्हणून, फ्लॅटमधलं कुठून खाणार. तुमच्या घरात मांस-मासे शिजत नसतील तरी अडचण नाही, मांजरांच्या खाण्याचं तयार पाउच फोडून वाटीत काढायचं, एवढंच.

पहिल्या दिवशी पिल्लू जिथून आणलं तिथे जे खात होतं तेच द्या, बदल नंतर आठवडाभरात थोडा थोडा. विचारलं नसेल तर आत्ता फोन करून विचारा, हा एक फोन बऱ्याचदा सगळा प्रश्न सोडवतो. ते कळत नसेल तर किटनचं वेट फूडचं पाउच, किंवा ड्राय फूड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मऊ केलेलं, किंवा उकडलेलं चिकन बारीक कुस्करून, त्यात मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, तो मांजरांना विषारी आहे. उकडलेलं चिकन दोन-तीन दिवसांपुरतं ठीक, कायमचं तेवढंच नको. सुकट, बोंबील खूप खारट असतात, वासासाठी पण नको.

आता महत्त्वाचं. मांजर आधी नाकाने जेवतं. फ्रिजमधून काढलेल्या पाउचला त्याच्या लेखी वासच नसतो. पाउच गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं उभं करून कोमट करा, बोटावर घेऊन बघा, अंगाएवढं गरम. मग पसरट ताटलीत एक चमचा वाढा. खोल वाटी नको, मिश्या कडेला लागतात आणि पिल्लाला मागे काय चाललंय ते दिसत नाही. ताटली भिंतीच्या बाजूला अशी ठेवा की खाताना त्याला दार दिसेल. खोलीतून निघून जा, किंवा थांबायचंच तर जमिनीवर बसा, फोन बघा, त्याच्याकडे टक लावू नका. पिल्लाने तुमच्याकडे पाहिलं तर हळू डोळे मिटून उघडा, मांजरांच्या भाषेत ते बरंच काही सांगून जातं.

अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचला, दोन तासांनी परत ताजं गरम करून. दिवसभर पडलेलं अन्न उन्हाळ्यात आंबतं आणि पिल्लाला त्या ताटलीचाच कंटाळा येतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा तरी लागतं. जबरदस्तीने सिरिंजने तोंडात भरू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं, ते काम डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय करायचं नाही.

शी-शूचा डबा

घमेलं किंवा कमी उंचीचा प्लास्टिकचा टब, त्यात वाळू, माती नाहीतर लाकडी गोळ्यांचं लिटर (डब्यात पसरायचं, शू शोषून घेणारं तयार साहित्य). दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ओलं झालं की गोळा होणारं लिटर नको, ती चाखून बघतात आणि ते पोटात फुगतं. खाण्याच्या ताटलीजवळ डबा ठेवला की काही पिल्लं खाणं सोडतात, काही डबा सोडतात, म्हणून दोन्ही लांब. कुठे कोपऱ्यात केली असेल तर ती टिश्यूने उचलून डब्यात टाका, वासाने कळतं. ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही. चोवीस तासांत शूच झाली नसेल, किंवा डब्यात बसून जोर करतंय आणि काही होत नाहीये, तर ते डॉक्टरांचं काम.

रात्रीच्या ओरडण्याबद्दल थोडक्यात, ते भावंडं शोधत असतं. झोपायच्या आधी पंधरा मिनिटं दोरीला चिंधी बांधून खेळवा, मग खायला द्या, मोज्यातली गरम बाटली ठेवा. जिथून आणलं तिथलं एखादं फडकं मिळालं तर खोक्यात टाका. तीन-चार रात्रींत कमी होतं.

वजन

आतापर्यंत खाण्याशिवाय फारसा खर्च नव्हता, आता थोडा. किचनचा डिजिटल काटा घ्या किंवा शेजारून मागा, वर डबा ठेवून शून्य करा, पिल्लू डब्यात, रोज एकाच वेळी, आणि आकडा लिहा. महिन्याचं पिल्लू साधारण ४०० ग्रॅम, दोन महिन्यांचं ८०० च्या आसपास, रस्त्यावरची थोडी कमी भरतात. आकड्यापेक्षा तो कुठे चाललाय ते बघायचं, रोज दहा ग्रॅम तरी वाढायला हवेत. मला काट्यावर जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्या डोळ्यांवर पण नाही, कारण केस फुगलेलं पिल्लू गुबगुबीत दिसतं आणि आतून हाडं लागलेली असतात. एक दिवस वजन तेवढंच राहिलं तर बघू, दोन दिवस लागोपाठ उतरलं तर डॉक्टर.

हातात घेऊन तपासणी, टॉवेलमध्ये गुंडाळून

हे सगळ्यात शेवटी कारण यात पिल्लू घाबरतं आणि तुम्हाला ओरखडे येतात. रस्त्यावरच्या पिल्लाने चावलं किंवा ओरबाडून रक्त काढलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा, सरकारी दवाखान्यात मिळतं. पिल्लू लहान आहे त्याला काय होतंय असं म्हणायचं नाही.

नाक चोंदलंय, डोळ्यात पिवळी घाण आहे, शिंकतंय? मांजरांचा फ्लू असतो, आणि वर सांगितलं तसं वास आला नाही की ते खात नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळे-नाक पुसा, बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून दहा मिनिटं घेऊन बसा, मग खायला द्या. याने खाल्लं तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवाच, डोळे चिकटलेले राहिले तर कायमचे जाऊ शकतात.

ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढऱ्या असतील तर पिसवा बघा, शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर केस बाजूला करून, काळी पूड दिसली तर ओल्या टिश्यूवर ठेवा, लाल उतरली की ते रक्त आहे. पिसवा लहान पिल्लाचं इतकं रक्त पितात की त्यातच पिल्लू जाऊ शकतं. कुत्र्याचं पिसवांचं औषध कधीही लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं. बारीक दातांचा कंगवा आणि कोमट साबणाचं पाणी, लगेच कोरडं करायचं, बाकी औषध डॉक्टर वजन बघून देतील.

पोट नगाऱ्यासारखं आणि पाठ बारीक, म्हणजे जंत. आईच्या दुधातूनच येतात त्यामुळे जवळजवळ सगळ्याच पिल्लांना असतात. औषध स्वस्त आहे पण डोस ग्रॅमवर असतो, म्हणून वजनाची वही घेऊन जा आणि लिहून आणा.

घरात आधीचं मांजर असेल तर नवीन पिल्लू दहा-पंधरा दिवस वेगळ्या खोलीतच, भेट नंतर. आधी एकाचं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणात, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग फटीतून दर्शन. ओळखीपेक्षा मोठं कारण रोगाचं आहे, आणि त्याबद्दल पुढे.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू दोन वेळा प्यायलं नाही, एक ते तीन महिन्यांचं १२ तास जेवलं नाही, तीन महिन्यांपुढचं २४ तास, तर घरचे उपाय संपले. आणि खालचं काहीही दिसलं तर तास मोजायचेच नाहीत: तोंड उघडून श्वास, पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या, उलट्या, पातळ दुर्गंधी येणारी किंवा रक्ताची शी, झटके, मानेची कातडी उचलली तर परत न बसणं, ऊब देऊनही अंग गार, किंवा ताप १०३ च्या वर. मांजराचं नॉर्मल १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला तापासारखा वाटणारा आकडा त्याला ठीक असतो. घरघर करतंय म्हणजे बरं आहे असं धरू नका, दुखत असताना पण घरघरतात.

क्रोसिन देऊ नका. कितीही थोडी नाही. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन महिन्यांची तपकिरी पट्ट्यांची एक मादी होती. संध्याकाळी एकदा पांढऱ्या फेसाची उलटी केली आणि पाण्याच्या वाटीजवळ मान खाली घालून बसली, पीत नव्हती, नुसती बसली होती. मी म्हटलं नवीन आहे, घाबरलीय, सकाळी बघू. सकाळी डॉक्टरांनी टेस्ट केली, पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा पार्व्हो, विषाणूमुळे होणारा जीवघेणा रोग. सलाइन लावलं, तिसऱ्या दिवशी गेली. ती कदाचित तशीही गेली असती, हे डॉक्टर पण म्हणाले, पण ती रात्र मी थांबायला नको होतं. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं पिल्लू दिसलं तर तुम्ही थांबू नका. त्या विषाणूवर साधे क्लीनर चालत नाहीत, घरात वर्षभर टिकतो. ती खोली मी साबणाने धुऊन मग ३२ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवली, साध्या पाण्याने काढली, आणि तरीही लस पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे वर्षभर आणलं नाही. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. पिल्लू बरं असतानाच डॉक्टर शोधून ठेवा, रात्री कोण उघडं असतं ते पण विचारून ठेवा. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीतच आहे, गावाकडे तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, पण जायच्या आधी फोन करून मांजरं बघतात का ते विचारा.

नेताना पिशवीत किंवा हातात नको, रिक्षात उडी मारतात. बास्केट, नसेल तर झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट भोकं पाडून, आत घरातलंच फडकं, वरून टॉवेल टाकायचा म्हणजे अंधार राहील. वजनाची वही घ्या, शेवटचं खाल्ल्याची वेळ लिहिलेला तो कागद घ्या, शी झाली असेल तर छोट्या डबीत थोडी, आणि फरशीला काय वापरता त्या बाटलीचा फोटो. घरी आल्यावर थेट त्याच लहान खोलीत, बास्केटचं दार उघडून ठेवा आणि बाहेर या. ते स्वतःहून निघेल, दहा मिनिटांत नाहीतर दोन तासांत. ताटली कोमट करून तयार ठेवा.